चौदा भोकांची जमीन

आमची जमीन कुठे आहे असं कोणी विचारलं, की मला आधी भरती आहे की ओहोटी ते बघावं लागतं. कागदावर ती आहे. आजोबांच्या नावावर, चतुःसीमेसकट. पश्चिमेला सुरूची बाग, असं त्या कागदात लिहिलेलं आहे. ओहोटीला पाणी मागे सरलं की त्या बागेतले दोन-तीन काळे बुंधे चिखलातून वर येतात आणि त्यांच्यावर बगळे बसतात. भरतीला तिथूनच होड्या जातात. म्हणजे आम्ही जमीनदार आहोत. फक्त आमच्या जमिनीवर उभं राहायचं तर पोहता यायला हवं.

आमचं गाव पालघरच्या दक्षिणेला, दातिवऱ्याच्या अंगाला, नदी खाडी होऊन समुद्राला मिळते तिथे आहे. अशा ठिकाणी जमीन ही नदीने आणून टाकलेली आणि समुद्राने परत मागितलेली वस्तू असते, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. शाळेत भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात त्रिभुज प्रदेशाचं चित्र होतं. हिरवा सुबक त्रिकोण, त्यात निळ्या रेघा. मी ते पाठ केलं, चांगले गुण मिळवले, आणि संध्याकाळी त्याच त्रिकोणाचा चिखल चपलांना लागलेला घेऊन घरी आले. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे मला कोणी सांगितलं नाही.

आईच्या लग्नाच्या वेळी बोंबील वाळवायची जागा त्या सुरूच्या बागेजवळ होती. मग वरच्या अंगाला पाणी अडलं, खाडीतून रेती उपसली गेली, तोंडावरचा वाळूचा दांडा उत्तरेकडे सरकला, आणि समुद्र जिथे पूर्वी कधी येत नव्हता तिथे यायला लागला. एका पावसाळ्यात भाताच्या खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेताचा, बांध फुटला. तिथे आता तिवरांचं जंगल आहे, आणि त्या जंगलात जायला मनाई आहे, कारण ते नैसर्गिक आहे. या प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायला त्या त्या वेळी कोणी ना कोणी आलं होतं. रेतीवाले म्हणाले लाटांमुळे, लाटांचा अभ्यास करणारे म्हणाले रेतीमुळे. गावातल्या बायकांनी दोघांनाही चहा दिला आणि वाळवणीची जागा पन्नास-साठ पावलं मागे घेतली. असं तीनदा झालं.

जागा मागे घेण्याची एक रीत आहे. बोंबील वाळवायला बांबूचे खांब पुरून त्यांना आडवे बांबू आणि दोर बांधतात. या मांडवाला आमच्याकडे वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरावर टाकायची, म्हणजे वाऱ्याने पडत नाही. पावसाळ्यात वलांडी काढून बांबू घराच्या आडोशाला ठेवतात, पण जमिनीतली भोकं तशीच राहतात. भोक बुजू नये म्हणून प्रत्येक घर त्यात आपली खूण कोंबतं. आमची खूण म्हणजे न्हाणीघरातली फुटलेली निळी फरशी. शेजारच्या काकीची म्हणजे बाटली, उलटी, बूड वर. पलीकडे नारळाची करवंटी. गणपतीनंतर समुद्र निवळला, मासळी यायला लागली की प्रत्येकीने आपली खूण काढायची आणि त्याच भोकात आपला बांबू रोवायचा. आमची भोकं चौदा. जागा मागे घेतली तरी रांग बदलत नाही. जिच्या शेजारी जी होती तीच राहते. त्यामुळे आईची जमीन तीनदा गेली, पण काकीचा शेजार एकदाही सुटला नाही. आईच्या मते समुद्राने याही बाबतीत थोडं लक्ष घालायला हवं होतं.

मी मात्र लहानपणापासून या भोकांपासून लांब राहिले. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. रिक्षातून जाताना एकदा एका मुलीने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लावला. त्यानंतर मी आईला सांगून वास लागू नये म्हणून दप्तर पोटमाळ्यावर ठेवायला लागले. वडील काय करतात, असं विचारलं की 'मरीन बिझनेस' म्हणायचे. माझं गाव या विषयावर निबंध लिहिला, त्यात पहिलंच वाक्य होतं की आमच्या गावची हवा अतिशय ताजी आहे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला.

आता मी बोईसरला एका कंपनीत कामाला आहे. कंपनीतून बाहेर सोडलेलं पाणी स्वच्छ आहे, असं सांगणारे कागद तारखेनुसार लावून ठेवणं, हे माझं काम. कागद फार स्वच्छ आहेत. आमच्या मजल्यावर युनिटमधले कामगार सही घ्यायला येतात. त्यातला एकजण दर दिवाळीच्या आसपास हवा हुंगून मला विचारतो, "मॅडम, सूखी मच्छी का सीज़न चालू हो गया क्या?" आणि मी दर वर्षी म्हणायचे, "पता नहीं."

यंदाच्या मे महिन्यात मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना एक इंग्रजी पत्र आलं. चेअरमन नात्याने आईचे चुलतभाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे येतं. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर आठ-दहा बायका आणि मामा जमले.

"काय लिवलंय?" मामांनी विचारलं.

पत्रात लिहिलं होतं की खाडीकिनाऱ्याचा विकास करायचा आहे आणि त्याआधी या जागेचा सध्या काय वापर होतो ते नोंदवायला पथक येणार आहे. मी ते मनात वाचलं. जरा थांबले. मग म्हणाले, "किनारा बघायला येणार आहेत."

"कोन?"

"साहेब लोक. मुंबईहून."

"मंग आता?" काकी म्हणाली. "इथं तर बोंबील टांगलेत. वासानं सायब गाडीतनंच परत जायचा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अशा लोकांना काय आवडतं हे मला ठाऊक असणार, अशी गावात समजूत आहे. त्या वेळी मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की असू दे, तेच तर बघायचंय त्यांना. मी म्हणाले, "थोडं आवरलं तर बरं दिसेल."

आमच्या गावात थोडं आवरणं असा प्रकार नाही. जत्रेला देवळाभोवतीची वाळू जशी चाळणीने चाळल्यासारखी करतात, तशी त्या आठवड्यात वाळवणीची जागा झाली. हंगामाचे पंधराएक दिवस उरलेले असताना वलांडी उतरल्या. बांबू रचून त्यांच्यावर ताडपत्री घातली. आणि कोणाचा तरी पाय मुरगळेल म्हणून भोकं बुजवली. खुणा खाली दाबून वर वाळू, वाळूवर पाणी, पाण्यावर खराटा. काकीने कडेला रांगोळी काढली. मीच तिला म्हणाले, छान दिसतंय.

साहेब आले ते माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. पांढरे बूट, हातात टॅबलेट. त्यांना शहाळं दिलं. त्यांनी चारी बाजूंचे फोटो काढले, एका जागी उभे राहून गोल फिरले आणि मामांना विचारलं, "इथे काय चालतं?"

आपल्या गावाला नावं ठेवायला कोणाला जागा राहू नये या एकाच इच्छेने मामा म्हणाले, "काय नाय सायब. एकदम साफ ठेवतो आमी."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

पाऊस सुरू झाला त्या सुमारास ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगीत नकाशा लागला. आमची वाळवणीची जागा त्यात फिक्या हिरव्या रंगात होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'रिकामी, वापरात नसलेली.' तिच्यावरून चालण्याची फरसबंद वाट जाणार होती. बाकं होती, दिवे होते. जिथे वर्षाला दोन-चार पावलं समुद्र आत येतो तिथे व्यायामाची यंत्रं होती. आणि मधोमध, अंदाजाने आमच्या नवव्या भोकावर, स्थानिक संस्कृती जपण्यासाठी एक पुतळा होता. डोक्यावर टोपली, टोपलीत बोंबील, अशी फायबरची कोळीण. तिच्यासमोर फोटो काढायची जागा आखली होती.

काकी चष्मा लावून नकाशाच्या अगदी जवळ गेली. "ही बाय कोन? कंबर बघा हिची. हिला टोपलं उचलून दिलं कोनी?"

"कलाकारानं काढलंय ते," मामा म्हणाले. त्यांना नकाशा आवडला होता. दिवे लागणार होते.

"आनि आमी बोंबील कुठं लावायचं?" आईने विचारलं.

"त्या बायच्या टोपल्यात," काकी म्हणाली. "कुबट वास पन नाय, कावले पन नाय. बारा महिने तेच बोंबील."

लोक हसले. आई हसली नाही. चौथ्यांदा मागे घ्यायला आता जागा नव्हती. मागे डांबरी रस्ता होता, रस्त्यापलीकडे बंगल्यांचं कुंपण, आणि बाजूला ते तिवरांचं मनाई असलेलं जंगल. ही जागा गेली तर आई आणि तिच्यासारख्या वीस-बावीस बायका ओले बोंबील मिळेल त्या भावाने गाडीवाल्याला देऊन मोकळ्या होणार, आणि त्यांच्या हातात स्वतःचं असं काही उरणार नव्हतं. मनोरच्या बाजाराला आई पावसाच्या आधी सुकं घेऊन जाते. तिथे डोंगरातल्या गावांहून बायका येतात, पावसाळाभराचं कालवण घेऊन जातात. त्यातली एक तर आईच्या टोपलीशिवाय दुसरीकडे हातच लावत नाही. आई तिला नावाने ओळखत नाही, तिच्या हातावरच्या गोंदणाने ओळखते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सांगून टाकलं. "त्या पत्रात लिहिलं होतं की आत्ता इथे काय करतात ते बघायचंय. मी ते सांगितलं नाही."

आई तांदूळ निवडत होती. "ठाव हाय."

"कसं?"

"तू वाचताना मधी थांबलीस ना."

"मग तू कशाला आवरायला गेलीस?"

"तुला लाज वाटत होती." एवढं बोलून तिने तांदळातला खडा काढून अंगणात टाकला.

मी आक्षेपाचा अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यात इतकं स्पष्ट इंग्रजी मी पूर्वी लिहिलं नव्हतं. उत्तर आलं की जागा वापरात असल्याचा फोटो जोडावा. मग मी माझा फोन उघडला. वाढदिवसाचे फोटो, दिवाळीचे फोटो, भावाच्या नव्या होडीच्या पूजेचे फोटो. प्रत्येक फोटोत आमच्या मागे समुद्र आहे, आकाश आहे, मावळता सूर्य तर कितीतरी वेळा आहे. वलांडी एकाही फोटोत नाही. एका फोटोत कडेला बांबूचं टोक दिसतं, तेसुद्धा मी नंतर कापायचं विसरले म्हणून. इतक्या वर्षांत मी इतक्या नेटाने एखादी गोष्ट नाहीशी केली होती की पथकाला वेगळं काही करायची गरजच नव्हती. इतर बायकांच्या घरीही फोटो नव्हते. रोज जिथे कंबर मोडते त्या जागेचा फोटो कोण काढतं?

फोटो नाही, असं कळवल्यावर पुन्हा पाहणी होईल असं उत्तर आलं. तारीख श्रावणातली. समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या, आभाळ गळतंय.

मामांनाही एव्हाना काळजी वाटायला लागली होती, कारण बायकांनी त्यांच्याकडे चहा घेणं बंद केलं होतं. ते म्हणाले, "घरात जुनं सुकं असेल ना? वलांडी उभी करू, तेच टांगू. सायबाला काय कलतंय!"

"भर पावसात सुकं टांगायचं?" आई म्हणाली. "सायब राहू दे, कुत्रं पन हसेल."

"मंग तूच सांग."

आईने पहार मागितली.

वाळवणीची जागा सोसायटीच्या बर्फाच्या गोदामाच्या भिंतीपासून सुरू होते. पहिलं भोक काकीचं, भिंतीपासून सात पावलं. पण कोणाची पावलं? हे ठरवण्यात अर्धा तास गेला. पूर्वी काकीची सासू मोजायची, ती ठेंगणी होती. शेवटी काकीच्या घरातल्या सर्वांत ठेंगण्या सुनेला भिंतीला टेकवून चालायला लावलं. सातव्या पावलावर आईने पहार मारली. वाळू. जरा डावीकडे मारली. वाळू. तिसऱ्यांदा खण्ण असा आवाज आला.

"माजी बाटली!" काकी ओरडली. जणू लग्नात हरवलेली नथ सापडली.

एक सापडल्यावर बाकीची आपोआप सापडत गेली, कारण रांग सगळ्यांना पाठ होती. पावसात डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन बायका वाकल्या होत्या. बाटलीनंतर बाटली, मग आमची निळी फरशी, मग करवंट्या, एकीचा स्टीलचा पेला, एकीचा देवाचा फुटका दिवा. आमच्या आणि काकीच्या सीमेवर एक भोक जास्त निघालं. त्यात ना बाटली होती ना फरशी.

"ते माजं," काकी म्हणाली.

"गेल्या जागेत पन तू असंच बोलली होतीस," आई म्हणाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या जागेवर गुडघे टेकून बसले. आमची चौदाही भोकं मी हाताने उकरली. नवव्या भोकातली फरशी मोठी होती आणि तिच्यावर अजून अर्धं फूल शाबूत होतं.

साहेब आले. तेच बूट, आता तितके पांढरे नव्हते. त्यांनी छत्री धरून ती जागा पाहिली. ओल्या वाळूत रांगेने शंभरांहून जास्त भोकं, प्रत्येकाच्या तोंडाशी त्याची खूण.  मग टॅबलेटवर बोट ठेवून म्हणाले, "मागच्या वेळी हे नव्हतं. हे खड्डे म्हणून नोंदवतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने भरून घ्यावे लागतील."

मामा माझ्याकडे बघायला लागले. काकी बघायला लागली. अनोळखी माणसासमोर माझा आवाज फुटत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती खाली बसली, फरशी काढून बाजूला ठेवली, ताडपत्रीखालचा एक बांबू ओढून आणला आणि भोकात सोडला. बांबू हातभर आत गेला आणि ताठ उभा राहिला. आईने त्याच्यावरचा हात काढला. तो हलला नाही.

"हे खड्डे नाहीत," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा आला. मग मी त्यांना वलांडीबद्दल सांगितलं, खुणांबद्दल सांगितलं, तीन वेळा जागा मागे कशी घेतली ते सांगितलं. समुद्रातले सुरूचे बुंधे दाखवले असते, पण भरती होती.

ते म्हणाले, "हे सगळं एका रकान्यात कसं लिहू? तुम्हीच लिहा." आणि टॅबलेट माझ्या हातात दिला. 'सध्याचा वापर' असा रकाना होता. मे महिन्यात तिथे मामांच्या तोंडचे शब्द इंग्रजीत उतरले होते. काही नाही, स्वच्छ.

मी ते पुसलं. पावसाचे थेंब पडून अक्षरं आपोआप उमटत होती, म्हणून काकीने वर पदर धरला. मी लिहिलं की पावसाळ्यानंतर मेअखेरपर्यंत इथे बोंबील वाळवतात, ही भोकं त्या मांडवांची आहेत आणि प्रत्येक भोक कोणत्या घराचं हे गावाला माहीत आहे. मग एक ओळ आणखी लिहिली. पहिल्या पाहणीच्या वेळी जागा रिकामी दिसली, कारण मला वासाची लाज वाटली आणि मी ती आवरायला सांगितली.

साहेबांनी वाचलं. "शेवटची ओळ ठेवायची?"

"ठेवा," मी म्हणाले.

अजून अंतिम निर्णय आलेला नाही. भिंतीवर नवा नकाशा लागला आहे. त्यात फरसबंद वाट आमच्या जागेपाशी येऊन तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. मधल्या भागावर तिरप्या रेघा मारून 'विचाराधीन' लिहिलं आहे. पुतळा आता बर्फाच्या गोदामासमोर सरकवला आहे. तिची कंबर तशीच आहे. समुद्राला यातलं काही कळवलेलं नाही. या वर्षी तो गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत येऊन गेला.

पण गणपतीनंतर खुणा निघाल्या आणि बांबू रोवले गेले. ते सीमेवरचं जास्तीचं भोक आई आणि काकीने एक बांबू दोघींच्या दोराला लावून मिटवलं, आणि त्यावरून आता रोज भांडण असतं. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर बोंबील टांगते. जबड्यात जबडा अडकवताना माझ्याकडून अजून मासे फाटतात. हात साबणाने धुतले तरी वास दोन दिवस राहतो.

परवा ऑफिसात तो कामगार सही घ्यायला आला. माझ्या टेबलापाशी थांबला, हवा हुंगली आणि हसला. "मॅडम, सूखी मच्छी का सीज़न चालू हो गया क्या?"

"हो गया," मी म्हणाले. "कितने किलो लाऊँ?"